सोमाजीचा डोंगा

आषाढ निम्मा सरला की चंद्रपूरच्या वीज केंद्रालगत ऊर्जानगरच्या आमच्या शाळेत बाकं रिकामी दिसायला लागतात. माझ्या वर्गात कंत्राटी कामगारांची मुलं जास्त. त्यांच्या आया रोवण्याला, म्हणजे धानाच्या लावणीला, आपापल्या गावी जातात आणि धाकट्याला सांभाळायला थोरल्या पोरीला सोबत नेतात. रजेचा अर्ज कोणी देत नाही. आठ-दहा दिवसांनी पोरगी परत येते, तेव्हा तिच्या नखांत चिखल असतो. "रोवना होता मॅडम," एवढंच सांगते आणि खाली बसते. मी तिला रागवत नाही. मला त्या नखांकडे बघवत नाही, म्हणून मी फळ्याकडे वळते.

मीही रोवण्याला जात असे. बारावीपर्यंत दर साल गेले. आता ते सगळं अंगावर यायला एक वास पुरतो. वीज केंद्राच्या बसमध्ये गावाकडची एखादी बाई पाय न धुता चढली, की चिखलणी केलेल्या बांधीचा, धानाच्या खाचराचा, तो आंबूस, गार वास माझ्यापर्यंत पोचतो. मग कमरेतली कळ आठवते. पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी सोडताना बोटांना होणारा ओला गुंता आठवतो, पाठीवरून गळणारं घोंगडं आठवतं. आणि नदी आठवते. नदीपाशी मी थांबते. आजवर थांबत आले.

आमचं गाव सावली तालुक्यात, वैनगंगेच्या ऐन काठावर. नदीच्या या अंगाला चंद्रपूर जिल्हा, त्या अंगाला गडचिरोली. समोरच्या गावात कुत्रं भुंकलं तरी आम्हाला ऐकू यायचं, पण रस्त्याने तिथे जायचं म्हटलं तर अख्खा दिवस मोडायचा. पूल फार पुढे आला. तोवर जाणंयेणं सगळं डोंग्यावर.

डोंगा सोमाजीचा. त्याच्या आधी त्याच्या बापाचा, आणि त्याच्याही आधी आजाचा. सोमाजी ढिवर समाजाचा, मासे धरणारा आणि माणसं पार करणारा. सागाच्या फळ्यांचा तो डोंगा पंधरा माणसं त्यांच्या गाठोड्यांसकट सहज नेई. दर उन्हाळ्यात सोमाजी तो वाळूत पालथा घालून त्याच्या सांध्यांना डांबर लावायचा, आणि दोन दिवस घाटावर डांबराचाच वास असायचा. त्या डोंग्यातून काय गेलं नाही? धानाची पोती, मीठ, मोहफुलं, रॉकेलची पिंपं, कोंबड्या, बांगडीवाल्याची पेटी, एकदा तर शिलाईचं यंत्रही. बैल मागे दोरीला बांधलेले, नाकपुड्या वर काढून पोहत यायचे. नवऱ्या गेल्या, बाळंतिणी गेल्या, निवडणुकीच्या पेट्या पोलिसांच्या मांडीवर बसून गेल्या. साप चावलेला एक माणूस जाताना बोलत होता, परत आला तेव्हा बोलत नव्हता. दसऱ्याच्या सुमाराला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीला निघालेली पलीकडची माणसं पांढरेशुभ्र कपडे घालून डोंग्यात उभी असायची आणि डाग पडू नये म्हणून एकमेकांना टेकतसुद्धा नसत.

माझे आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी आमच्या लोकांना डोंग्यात इतरांसोबत बसता येत नसे. सगळं गाव पार झालं की शेवटच्या खेपेला आम्ही. अंधार पडला तर तीही नाही. छप्पन साली आमच्या लोकांनी दीक्षा घेतली आणि शेवटच्या खेपेची वाट बघणं सोडलं. ते सरळ पहिल्या खेपेला जाऊन बसले. सोमाजीच्या बापाने त्यांना उतरवलं नाही. त्यापायी गावातल्या मोठ्या माणसांनी त्याला घाटावर मारलं. आजोबा हे सांगताना दरवेळी म्हणायचे की त्याचा एक दात पडला होता आणि त्याने तो उचलून नदीत टाकला. हे आमच्या मोहल्ल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक असूनही पुढे जे केलं ते आम्हीच केलं.

मी सतरा वर्षांची होते. त्या साली आमच्याकडचा रोवणा लवकर आटोपला. पलीकडच्या बांध्या मात्र अजून तशाच पडून होत्या, तिथे बाया हव्या होत्या. आम्ही चौदाजणी सकाळी डोंग्याने जायचो आणि दिवस मावळायच्या आत परत यायचो. माझ्यासोबत शेवंतामावशी असायची, माझ्या आईची धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यापासून ती आमच्याच घरी होती. तिची पोरगी वंदना नऊ वर्षांची. मावशी रोवायला लागली की तिच्या पुढे कोणी जात नसे. मागे सरत सरत ती अख्खी बांधी हिरवी करायची आणि मान वर न करता मला हसायची. "शालू, तू पऱ्हा लावून राह्यली का त्याले झोपवून राह्यली?"

त्या दिवशी दुपारीच नदी फुगायला लागली. आमच्याकडे पाऊस नव्हता, वर कुठेतरी झाला असावा. पाणी लाल झालं होतं आणि त्यावरून पाचोळ्याचे ढीग वाहत होते. सोमाजीने पलीकडे येऊन आम्हाला लवकर बोलावलं. तो तेव्हा पन्नाशीचा, सुकलेला, फार न बोलणारा माणूस. दोन खेपा करू म्हणाला. बाया ऐकेनात. मागे राहणाऱ्यांना अडकून पडायची भीती होती, घरी लेकरं होती. सगळ्याजणी एकदमच चढल्या. सोमाजी थोडा वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि त्याने बांबू उचलला.

मधोमध आलो तेव्हा एक झाड आलं. अख्खं झाड, मुळांसकट, पाण्याखालून. ते डोंग्याच्या मागच्या अंगाला आपटलं. डोंगा कलला आणि मागच्या टोकाला बसलेली मावशी पाण्यात गेली. दुसऱ्याच क्षणी ती वर आली आणि तिने दोन्ही हातांनी डोंग्याचा काठ धरला. मी तिच्या शेजारीच होते. मी तिचं एक मनगट पकडलं.

तिला वर घ्यायला सगळ्या बाया तिकडे सरकल्या, आणि डोंग्याचा काठ पाण्याला लागला. लाल पाणी आत यायला लागलं. सोमाजी खच्चून ओरडला की जागेवर बसा. बसल्या, पण मावशी लोंबकळत होती तोवर डोंगा सरळ होईना. ती वाहत्या पाण्यात आडवी झाली होती, तिचं लुगडं फुगलं होतं, आणि तिचं सगळं ओझं त्या एका काठावर होतं. सोमाजीने दोनदा वाकून तिला काखेत धरून ओढायचा प्रयत्न केला. दोन्ही वेळा पाणी आत आलं. माझ्या पोटऱ्या बुडाल्या.

मी मनगट सोडलं. ते निसटलं नव्हतं. मी सोडलं. आणि सोमाजीकडे बघून म्हणाले, "भाऊ, सोडवा तिचे हात."

त्याने बांबूचं टोक तिच्या बोटांवर मारलं. एकदा, मग दुसऱ्या हातावर. तिसऱ्यांदा मारावं लागलं. मावशी माझ्याकडेच बघत होती. "शालू," म्हणाली. हाक मारली नाही. घरात एखादी वस्तू मागताना म्हणतात ना, तसं म्हणाली. मग तिथे नुसतं पाणी होतं. डोंगा सरळ झाला. सोमाजीने आम्हा तेराजणींना काठाला लावलं, आणि रिकामा डोंगा घेऊन तो एकटा परत त्या पाण्यात गेला. दिवस मावळेपर्यंत तो खाली खाली शोधत राहिला. मावशी तिसऱ्या दिवशी सापडली, खूप दूर, बाभळीच्या काटेरी फांद्यांत.

पाण्याचा आवाज एवढा होता की माझे शब्द पुढे बसलेल्या बायांना ऐकू गेले नव्हते. त्यांना फक्त बांबू दिसला. ज्या बारा बाया जिवंत घरी आल्या त्यांनीच तो बांबू गावभर सांगितला. सांगताना तो दर वेळी जाड होत गेला. पोलीस आले तेव्हा त्यांनी मलाही विचारलं. मी म्हणाले, माझे डोळे मिटलेले होते. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती, म्हणत होती, पोरीला आता काही विचारू नका. प्रकरण अपघात म्हणून मिटलं. गावात मात्र काही मिटलं नाही.

सोमाजीच्या डोंग्यात बसायचं नाही असं ठरलं. कोणी ठरवलं, कुठे बसून ठरवलं, मला आठवत नाही. आमच्या मोहल्ल्यातून सुरुवात झाली एवढं आठवतं. खालच्या गावातला एक जण आपला डोंगा घेऊन घाटावर यायला लागला. सोमाजीचा डोंगा बाजूला बांधलेला असायचा आणि तो त्यात बसून राहायचा, रोज, कोणी येईल म्हणून. त्याच्या बायकोने टोपलीतून आणलेले मासे आम्ही घेईनासे झालो. ती दारासमोर येऊन "मासोळी वं बाई" म्हणायची आणि आई घरात असूनही ओ देत नसे. त्याच्या पोरीची सोयरीक जमली होती, ती मोडली. ज्यांनी मोडली त्यांनी निरोप पाठवला की खुन्याच्या घरची पोरगी नको. मी हे सगळं ऐकत होते आणि अभ्यास करत होते. त्या साली मला बारावीला चांगले गुण पडले.

वंदना आमच्याच घरात वाढत होती. मी तिचे केस विंचरत असे. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं ती मला बाई म्हणायची. विंचरता विंचरता विचारायची, "बाई, माय जाताना काय बोलली?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "तुझं नाव घेतलं." तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं. कसं घेतलं, विचारलं. मी सांगितलं, "वंदू, असं म्हणाली." त्यानंतर तिने हे पुन्हा पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा पुन्हा सांगितलं. हळूहळू मी त्यात भरही घातली. दोन वेळा म्हणाली, डोळे तुझ्याकडे लागले होते, असं काय काय.

दिवाळी झाली, धान कापून झाला. खळ्यावर मळणी चालली होती. एके दिवशी भर दुपारी वंदनाने तणसाचा भारा डोक्यावर घेतला आणि घाटावर नेला. नऊ वर्षांची पोरगी. मला वाटलं गोठ्यासाठी नेते आहे. नंतर काहीतरी जाणवलं आणि मी मागे गेले. तिने तणस सोमाजीच्या डोंग्यात पसरलं होतं आणि काडी ओढली होती. डांबर लावलेलं लाकूड, ते धडाधडा पेटलं. सोमाजी दहा पावलांवर वाळूत बसून जाळं विणत होता. तो उठला नाही. त्याने पोरीकडे बघितलं, आगीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग मान खाली घालून तो पुन्हा जाळं विणू लागला. काठावर माणसं जमली होती. कोणीतरी म्हणालं, शेवंताची पोरगी आहे. एका म्हाताऱ्याने वंदनाला कडेवर उचलून घेतलं. घरी आल्यावर आईने तिची दृष्ट काढली.

त्या घराण्याचा डोंगा त्या दिवशी संपला. पुढे सोमाजी दुसऱ्यांच्या बांधीत रोजाने राबला. मी डी.एड. केलं, लग्न झालं, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये आले. नवरा वीज केंद्रात आहे. खिडकीतून धुराड्यांची रांग दिसते. वंदनाचं लग्न नदीपलीकडच्या गावात झालं, दोन एकर धानाची शेती आहे तिची. दरम्यान पूल झाला. आता रोवण्याच्या बाया पिकअपमध्ये उभ्या राहून पाच मिनिटांत पलीकडे जातात. घाटावर वाळूचे ट्रॅक्टर उतरतात.

यंदा माझ्या वर्गातल्या एका पोरीची आई रोवण्याहून परत आलीच नाही. बांधीत वीज पडली. पोरगी शाळेत आली तेव्हा मी तिला जवळ घ्यायला गेले, तर तिने विचारलं, "मॅडम, माय काही बोलली असन का?" मी वर्ग सोडून बाहेर आले. त्या रविवारी मी गावाला गेले.

सोमाजी जिवंत होता. नदीकडच्या कोपऱ्यावर, पत्र्याच्या खोपटाबाहेर, मोडक्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. डोळ्यांत मोतीबिंदू. मी नाव सांगितल्यावर त्याने ओळखलं. त्याची पोरगी आतून पाणी घेऊन आली. तीच, जिची सोयरीक मोडली होती. तिचं लग्न पुढे कधी झालंच नाही. पाण्याचा पेला माझ्या हातात न देता तिने खाली ठेवला आणि आत गेली.

मी सरळ विचारलं. मी काय बोलले होते ते त्याने ऐकलं होतं का, आणि ऐकलं असेल तर कोणाला सांगितलं का नाही.

"आयकलं होतं," तो म्हणाला. "काय सांगू लोकायले? पोरीनं म्हणलं म्हणून मारलं? हात तं माहा होता. अन् तू सतरा वर्साची. तुयं लगन व्हाचं होतं."

आत भांडी घासल्याचा आवाज येत होता. मला रडू यायला लागलं. मला त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती, तीच मी बोलून दाखवली. म्हणाले, मी बोलले नसते तरी तुम्ही मारलंच असतं ना भाऊ? तेराजणी होत्या डोंग्यात.

त्याने आपली पांढरी बुबुळं माझ्याकडे वळवली. त्याला राग नव्हता, हे मी आजही खात्रीने सांगते. राग असता तर बरं झालं असतं.

"ते मले आजवर समजलं नाई," तो म्हणाला. "मी अजून एक डाव तिले ओढणार होतो. मंग तू बोलली."

मी पाणी न पिता उठले. तिथून घरी जायला हवं होतं. पण कबुलीची एक नशा असते, निदान मला तेव्हा चढली होती. इतकी वर्षं दाबलेलं एकदा बोलून झालं होतं, आता सगळंच बोलून टाकावं असं वाटलं. मी पुलावरून चालत पलीकडे गेले. खाली नदी भरलेली होती. मी कठड्याला हात लावला नाही.

वंदना बांधीत होती, गुडघाभर चिखलात, रोवणाऱ्या बायांच्या ओळीत. मावशीसारखीच मागे सरत होती, मान वर न करता. मला बघून बांधावर आली, खूश झाली. मी तिला बांधावरच सगळं सांगितलं. मनगट, मी बोललेलं वाक्य, सोमाजीचं गप्प राहणं. ती ऐकत होती. तिच्या हातातल्या पऱ्ह्याच्या जुडीतून पाणी ठिबकत होतं. नऊ वर्षांची असताना तिने जे जाळलं ते कोणाचं होतं, ते तिच्या चेहऱ्यावर हळूहळू उतरत गेलं.

मग तिने एकच विचारलं. "पण मायनं माहं नाव घेतलं होतं ना?"

मी इथे थांबायला हवं होतं. थांबता आलं असतं. मी म्हणाले, "नाही वंदू. माझं घेतलं."

तिने जुडी बांधावर ठेवली. खाली बसून पाटाच्या पाण्यात हात धुतले, कोपरापर्यंत, बराच वेळ. "जेवून जा," म्हणाली. घरी नेलं. भात वाढला, वरण वाढलं, वांग्याची भाजी वाढली. स्वतः जेवली नाही. समोर बसून माझा प्रत्येक घास बघत राहिली आणि ताट रिकामं झालं की न विचारता पुन्हा वाढत राहिली. मी सगळं संपवलं. मला नको म्हणायचा हक्क वाटला नाही.

चार दिवसांनी मधल्या सुट्टीत तिचा फोन आला. मुलं व्हरांड्यात डबे खात होती. ती म्हणाली, ती सोमाजीकडे गेली होती. डोंगा जाळल्याबद्दल पाया पडायला गेली होती, पण ते राहूनच गेलं. त्याने तो विषय काढला नाही आणि तिलाही काढता आला नाही. तिने त्याला विचारलं की माय जाताना काय बोलली, दोनदा वंदू म्हणाली होती ना.

"तो म्हणे, वंदू म्हणलं. दोन डाव," ती म्हणाली. तिच्या आवाजात एक हट्ट होता. "तो काठाशीच होता. त्याले समदं आयकू आलं. तो कायले खोटं बोलन?"

मी व्हरांड्याच्या टोकाला, मुलांपासून दूर गेले.

"तू मले काऊन असं सांगतलं, बाई? माह्यापाशी तेवढंच होतं. तेबी तुले पायजे होतं?"

फोनमध्ये मागे बायांचा आवाज येत होता, कोणीतरी पऱ्हे मागत होतं. वंदनाने त्यांना थांबा म्हणून सांगितलं आणि पुन्हा मला विचारलं, "खोटं बोलली ना तू?"

"हो," मी म्हणाले. "खोटं बोलले. तुझंच नाव घेतलं होतं."

ती बरं म्हणाली. मग, आता माझ्या घरी येऊ नकोस, असं अगदी शांतपणे सांगून तिने फोन ठेवला. सुट्टी संपल्याची घंटा झाली. मी वर्गात गेले आणि हजेरी घेतली.